चिकाचा हलवा आणि बाहेरून आलेली सून

२०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच दिवशी योम किप्पुर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवसही होता. एका बाजूला दाराला झेंडूचे तोरण, आपट्याची पाने आणि श्रीखंड-पुरीचे जेवण. दुसऱ्या बाजूला आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून सुरू झालेला, पाण्याचा थेंबही न घेता करायचा उपास, पांढरे कपडे आणि दिवसभराची प्रार्थना. ज्या घरात नवरा-बायकोपैकी एक जण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठीभाषक ज्यू, आणि दुसरा हिंदू आहे, त्या घराला त्या दिवशी चूल पेटवायची की नाही, पेटवायची तर कोणासाठी आणि किती वाजता, हे ठरवावेच लागले असणार. हा योग वाटतो तितका दुर्मीळ नाही. ज्यू पंचांग आणि आपले पंचांग ही दोन्ही चंद्रावर महिने मोजणारी आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधिक महिना घेणारी आहेत. त्यामुळे तिश्री महिन्याची प्रतिपदा म्हणजे रोश हशाना, ज्यू नववर्ष, पुष्कळदा घटस्थापनेच्या आगेमागे येते, दशमीचा योम किप्पुर दसऱ्याजवळ पडतो, पौर्णिमेचे सुक्कोथ कोजागिरीला भिडते, आणि वसंतात पुरीम होळीच्या व पेसाख चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो. दोन पंचांगांचे अधिक महिने वेगवेगळ्या वर्षी पडले की ही जोडी महिनाभराने तुटते आणि नंतर पुन्हा जुळते.

मिश्र विवाहातील ज्यू सणांचा प्रश्न महाराष्ट्रात असा थेट स्वयंपाकघरातच उभा राहतो, आणि तो त्या दोघांचा खाजगी मामला आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. १९४८च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज इस्रायलकडे झालेल्या स्थलांतरामुळे भारतात आता चार-पाच हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण शासनाच्या निर्णयाने लग्नाच्या वयाची मुले-मुली वाढत नाहीत. मुंबई, ठाणे, पुणे किंवा पेण-अलिबागकडे वाढलेल्या तरुणाला आपल्याच समाजात जोडीदार मिळण्याची शक्यता दर पिढीत कमी होत गेली, आणि शिक्षण, नोकरी व शेजार मात्र मराठी बहुसंख्याकांबरोबरच राहिला. अशा स्थितीत मिश्र विवाह होणारच. ते व्हावेत की होऊ नयेत यावर वाद घालण्यापेक्षा, झालेल्या लग्नांतून उभ्या राहिलेल्या घरांत सण कसा साजरा होतो आणि त्या सणावर हक्क कोणाचा, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे म्हणणे असे आहे की अशा घरात सण पदार्थापेक्षा त्याच्याभोवतीच्या पथ्याने टिकतो, आणि ते पथ्य जो सांभाळतो त्याला, तो जन्माने कोणीही असो, समाजाने त्या सणाचा धनी मानले पाहिजे.

कोकणातल्या बेने इस्राएलांचा इतिहास पाहिला तर हा आग्रह अवाजवी वाटणार नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते, हिब्रू भाषाही हळूहळू विसरली गेली. जे उरले ते मोजके होते: ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा विश्राम, काही उपास आणि खाण्यापिण्याचे नियम. तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. त्यांच्या जुन्या सणांची नावे पाहिली तर त्यांतही स्वयंपाकघर दिसते. तिश्रीच्या पहिल्या दिवसांत येणारा खिरीचा सण, आव महिन्यातल्या नवमीचा बिरड्याचा रोजा, योम किप्पुरच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. जेरुसलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाल्याचा शोक जगभरचे ज्यू ज्या दिवशी करतात, तो दिवस कोकणात सोललेल्या वालाच्या बिरड्याच्या नावाने पाळला गेला. मंदिराचा इतिहास ज्यांना कोणी सांगितला नव्हता, त्यांनाही त्या दिवशी काय खायचे आणि काय टाळायचे हे ठाऊक होते.

यावरून कोणी असे म्हणेल की मग पदार्थच टिकवा, बाकीचे आपोआप टिकेल. इथेच माझा मतभेद आहे. चिकाच्या हलव्याचे उदाहरण घेऊ. रोश हशानाला बेने इस्राएल घरांत हा हलवा होतोच. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक साखर किंवा गूळ आणि नारळाचे दूध घालून पातेल्यात घोटत घोटत घट्ट करायचा, ताटात थापायचा, वरून सुका मेवा पेरायचा आणि वड्या पाडायच्या. या हलव्यात गाई-म्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध असण्यामागे कोकणात नारळ मुबलक होता हे एक कारण आहे, पण ते एकमेव नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ हे वचन तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीन वेळा आले आहे, आणि त्यातून मांस व दूध एका जेवणात येऊ न देण्याचा नियम निघाला. सणाच्या जेवणात मटण असेल तर त्यानंतरचे गोड दुधाचे असून चालत नाही, म्हणून नारळ. उद्या मिश्र घरातल्या कोणी सोय म्हणून किंवा चव वाढते म्हणून त्यात खवा घातला आणि मटणाच्या जेवणानंतर तो वाढला, तर वडी अधिक चविष्ट होईलही, पण ज्या कारणाने ती तशी घडली होती ते कारण ताटातून निघून गेलेले असेल. असा हलवा करण्याला माझी हरकत नाही. त्याला रोश हशानाचा हलवा म्हणण्याला आहे.

आजकाल मिश्र घरांचे कौतुक करताना मत्सावर श्रीखंड, हनुक्काला मोदक, पेसाखला पुरणपोळी अशा जोड्या मोठ्या हौसेने मांडल्या जातात. दोन संस्कृतींचा संगम वगैरे शब्द त्यासोबत येतात. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण विचारही फारसा नसतो. पेसाख हा सण खमीर टाळण्याचा आहे. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून काढलेली भाकरी तीच मत्सा. त्याहून अधिक वेळ गेला तर ते पीठ आंबू लागले असे धर्मशास्त्र मानते. पुरणपोळीची कणीक मऊसूत व्हावी म्हणून आपण ती चांगला तासभर, कधी त्याहून अधिक मुरत ठेवतो. म्हणजे जी गोष्ट एकीकडे सुगरणपणाची खूण आहे तीच दुसरीकडे निषिद्ध आहे, आणि या दोहोंचा मेळ चवीच्या पातळीवर घालता येत नाही. पुरणपोळी पाडव्याला करावी, पेसाखच्या आठ दिवसांत करू नये. बेने इस्राएल परंपरेत पेसाखला तांदूळ चालतो, त्यामुळे त्या आठवड्यात कोकणातली तांदळाची भाकरी बेलाशक करावी. मराठी घराला या सणात शिरायला ही खरी वाट आहे, आणि ती नियम मोडून तयार झालेली नाही.

पेसाखच्या पहिल्या रात्रीचा विधी म्हणजे सेदेर. त्यात घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. ते प्रश्न जवळजवळ सगळे ताटाबद्दल आहेत. इतर रात्री आपण कोणतीही भाकरी खातो, आज मत्साच का. इतर रात्री कोणतीही भाजी खातो, आज कडूच का. इतर रात्री एकदाही बुडवून खात नाही, आज दोनदा का. मग वडीलधाऱ्यांनी मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीची आणि सुटकेची कथा सांगायची. या विधीची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: मुलाला ताटातला फरक दिसला पाहिजे. ज्या घरात वर्षभर आज इटालियन, उद्या चायनीज, परवा मत्सावर श्रीखंड असे चालते, तिथे मुलाला त्या रात्री वेगळे काही दिसणारच नाही आणि प्रश्न उमटणार नाही. उलट ज्या घरात आठवडाभर पाव आणला जात नाही, फडताळातला आंबवलेला जिन्नस काढून टाकला जातो, सासूबाईंचे नेहमीचे पोळ्यांचे डबे बंद राहतात, तिथले चार वर्षांचे पोरसुद्धा विचारते की हे काय चालले आहे.

आणि तो प्रश्न ते मूल कोणाला विचारते? मिश्र घरात निम्म्या वेळा तरी ते आईला विचारणार, आणि ती आई हिंदू असू शकते. तिला उत्तर देता आले नाही, किंवा देण्याचा आपल्याला अधिकार नाही असे तिला वाटले, तर विधी तिथेच खुंटतो. ही अडचण बेने इस्राएलांना अपरिचित नाही. हिब्रू न कळणाऱ्या आपल्याच लोकांसाठी त्यांनी १८७४ साली पुण्यात सेदेरचे पुस्तक हिब्रू आणि मराठीत शेजारी-शेजारी छापले, आणि त्यातल्या चित्रांत मराठी वेशातल्या बायका मत्साचे पीठ मळताना, लाटताना, भाजताना दाखवल्या. त्याच काळात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठीत कीर्तनेही रचली गेली. कथा मराठीत सांगितली की ती पातळ होते असे त्या पिढीला वाटले नाही. दीडशे वर्षांपूर्वी मराठीत घडवलेले हे साधन आज घरात आलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या हाती द्यायला काय हरकत असावी, हे मला समजत नाही. मराठी तर तिची मातृभाषाच आहे.

इथे परंपरेच्या बाजूने जो आक्षेप येतो तो गंभीर आहे आणि त्याला हसण्यावारी नेता कामा नये. ज्यू धर्मशास्त्रातले खाण्याचे कितीतरी नियम मिश्र विवाह रोखण्यासाठीच घातलेले आहेत. परक्यांची भाकरी आणि तेल त्यांच्या द्राक्षारसामुळे वर्ज्य, आणि द्राक्षारस त्यांच्या मुलींमुळे वर्ज्य, अशी स्पष्ट साखळी तालमुदात, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, दिली आहे. एकत्र जेवण, मग ओढ, मग लग्न, हा क्रम त्या शास्त्रकर्त्यांनी नेमका ओळखला होता. (तेलावरची बंदी पुढे रब्बी यहुदा यांच्या न्यायसभेने उठवली, गावभर तेल पुरवणाऱ्या शनिवार तेल्यांच्या संदर्भात हे आठवून गंमत वाटते.) तेव्हा परंपरेचा कैवारी असे म्हणेल की जो नियम मिश्र लग्न होऊ नये म्हणून घातला, तोच नियम मिश्र लग्न झालेल्या घरात पाळून दाखवण्याला काय अर्थ उरला? कुंपण तर पडलेच आहे.

या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे की एखादा नियम घातला जाताना जो हेतू होता तेवढ्यावरच त्याचे आयुष्य संपत नाही. मांस-दूध वेगळे ठेवणे, खवले-पर नसलेले जलचर न खाणे, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून मनुकांच्या सरबतावर किद्दुश ही शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रामाच्या) आरंभीची प्रार्थना म्हणणे, या गोष्टी शतकानुशतके पाळल्या जाऊन एक जगण्याची रीत झाल्या आहेत. कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या ज्या किनाऱ्यावर घराघरांत शिजतात, तिथे त्यांना हात न लावता पिढ्यान्‌पिढ्या राहणे ही लहानसहान शिस्त नव्हे. अशा घरात लग्न होऊन आलेली मालवणी किंवा आगरी मुलगी जेव्हा आपल्या स्वयंपाकातून कोळंबी बंद करते, निदान त्या घरच्या भांड्यांतून ती दूर ठेवते, तेव्हा तिने कुंपण पाडले असे म्हणायचे की ते आतून सावरून धरले असे म्हणायचे? लग्न झाले ही घटना घडून गेली आहे. तिच्यानंतर रोज दोन वेळा काय होते ते अधिक महत्त्वाचे आहे.

शिवाय या बाबतीत समाजाचा स्वतःचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. बेने इस्राएलांमध्येच गोरे आणि काळे असे दोन भेद होते. इतर जातींतल्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांची संतती ‘काळे इस्राएल’ मानली जाई; त्यांच्याशी गोऱ्यांचे विवाहसंबंध होत नसत आणि भांड्याला भांडे लावणेही टाळले जाई. काळे इस्राएलही शनिवार पाळत, तेच सण करत, तीच प्रार्थना म्हणत. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेतून उचललेली ही रीत होती हे उघड आहे, आणि ती तोराच्या नावाने चालली. पुढे नियतीने हाच प्रश्न त्या गोऱ्यांपुढेही टाकला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या आई-आजीच्या पिढ्या तपासायला सांगितले, कारण त्यांच्या पूर्वजांत परधर्मीयांशी लग्ने झाली असावीत असा संशय होता. त्याविरुद्ध आंदोलन झाले, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि १९६४ साली इस्रायलच्या सरकारने आणि संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. त्या वेळी या समाजाने दिलेला पुरावा कागदाचा नव्हता, तो आचरणाचा होता: आम्ही शनिवार पाळला, सुंता केली, निषिद्ध खाल्ले नाही. आपल्यासाठी जे आचरण पुरावा म्हणून पुढे केले, तेच आचरण आज घरातली परकी सून करत असेल तर त्याचे मोल शून्य धरणे न्यायाचे नाही.

हलाखा म्हणजे ज्यू धर्मशास्त्र बदला, असे मी म्हणत नाही. तो माझा अधिकारही नाही. धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येते. त्यामुळे ज्यू मुलगी हिंदू घरात गेली, तिच्या मुलांनी आयुष्यात कधी सिनेगॉगची पायरी चढली नाही, तरी ती मुले ज्यू ठरतात. आणि ज्यू मुलाने हिंदू मुलीशी लग्न केले, त्यांच्या मुलांनी दर योम किप्पुरला उपास केला, तरी विधिवत धर्मप्रवेशावाचून ती ज्यू ठरत नाहीत. (याच मुंबईत पारशी समाजाचे उलट आहे, १९०८च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापासून तिथे बापाकडून पारशीपण मोजले जाते.) अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ साली, ज्यू म्हणून वाढवलेल्या मुलांच्या बाबतीत, बापाकडून येणारा वारसाही मान्य केला. मुंबईतही १९२५ पासून ज्युइश रिलिजस युनियनच्या रूपाने एक उदारमतवादी प्रवाह आहे, परंतु बहुतेक सिनेगॉग जुन्या नियमाने चालतात आणि तो त्यांचा हक्क आहे. माझा मुद्दा त्या नियमाच्या अलीकडचा आहे. मिन्यानमध्ये, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, कोणाला मोजायचे, तोरापुढे कोणाला बोलवायचे, कोणाचे लग्न सिनेगॉगमध्ये लावायचे, हे शास्त्राने ठरवावे. सेदेरच्या पंगतीला कोणी बसायचे, मलिद्याचे म्हणजे आभाराच्या विधीचे ताट कोणी लावायचे, हलवा कोणी शिकायचा आणि शिकवायचा, हे शास्त्राने अडवलेले नाही. ते केवळ सवयीने आणि मानापमानाने अडते.

सेदेरच्याच बाबतीत पाहा. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात परक्याने पेसाखचे बलिदान खाऊ नये अशी आज्ञा आहे. मंदिर गेले, बलिदान थांबले, आणि आज सेदेरच्या आरंभी मत्सा उंचावून अरामी भाषेत जे म्हणतात ते असे: जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे. शावुओथ या सणाला रूथचा ग्रंथ वाचला जातो. रूथ मवाबी होती, परकी होती, नवरा मेल्यावरही सासूला सोडून गेली नाही, आणि दावीद राजा तिच्या वंशातला. एज्रा आणि नेहेम्या यांनी परक्या बायकांना हाकलून देण्याचा जो कठोर मार्ग धरला तोही त्याच शास्त्रात आहे. दोन्ही आवाज आहेत, आणि कोणत्या सणाला कोणता ऐकायचा याची निवड परंपरेनेच करून ठेवली आहे. शावुओथच्या दुधाच्या पदार्थांसमोर एज्राचे पुस्तक कोणी उघडत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण या लग्नांत तडजोडीचा सगळा भार अल्पसंख्य समाजावरच पडतो असे मी म्हटले तर ते खोटे नाही, पण अपुरे आहे. महाराष्ट्रातल्या मिश्र घरात हिंदू सण साजरा करायला काहीच करावे लागत नाही. रस्त्यावर मंडप असतो, शाळेला सुट्टी असते, दुकानांत मोदकांचे साचे असतात, शेजारीण ताट घेऊन येते. ज्यू सणासाठी मात्र तारीख शोधण्यापासून सुरुवात होते. म्हणून ‘आम्ही दोघांचेही सण सारखेच करतो’ हे वाक्य मला फसवे वाटते. सारखी मेहनत घेतली तर बहुसंख्याकांचा सण दसपट मोठा होतो. ज्या हिंदू जोडीदाराला खरोखर समतोल हवा असेल त्याला ज्यू सणाच्या बाजूला अधिक वजन टाकावे लागेल, वर्षाच्या आरंभीच तारखा कॅलेंडरवर लिहाव्या लागतील आणि घटस्थापना व रोश हशाना एकत्र आले तर आपल्या नातेवाइकांना आधी सांगावे लागेल की त्या संध्याकाळी आमच्याकडे दुसरे काही आहे.

प्रसादाचा प्रश्न तर बहुसंख्याकांना प्रश्न म्हणून दिसतच नाही. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खाणे हे सश्रद्ध ज्यूच्या दृष्टीने मूर्तिपूजेत सहभागी होणे आहे. चवीचा किंवा तिटकाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. गणपतीत सासरी गेलेल्या बेने इस्राएल सुनेने मोदक नाकारला तर ‘एवढे काय त्यात, गोडच तर आहे’ असे तिला हसून सांगितले जाते, आणि त्या हसण्यात ती एकटी पडते. यावरचा उपाय फार साधा आहे: मोदकांची एक उकड नैवेद्यासाठी, आणि त्याच सारणाचे चार मोदक, न दाखवलेले, तिच्यासाठी बाजूला. गूळ-खोबरे-तांदळाच्या पिठात निषिद्ध असे काहीच नाही. हे चार मोदक वेगळे काढायला सासूला दोन मिनिटे लागतात, पण त्यासाठी तिने आधी हे मान्य केले पाहिजे की सुनेचा नकार हा नियम आहे, नखरा नव्हे. कोणाच्या घरी मांस चालत नाही म्हणून आपण त्यांच्यासाठी वेगळे पातेले ठेवतो आणि त्यात काही विशेष मानत नाही. तोच शिष्टाचार इथे हवा.

उलट दिशेने सर्वांत सोपे दार उघडते ते मलिद्याचे. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, सुका मेवा, भोवती फळे, आणि त्यावर एलियाहू हनावी या संदेष्ट्याचे स्तवन व एकेका प्रकारच्या फळावरचे आशीर्वाद. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना हा विधी होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकाशी लोक याच श्रद्धेने जातात. मलिद्यात मांस नाही, दूध नाही, मूर्ती नाही. हिंदू सासर-माहेरची माणसे त्या ताटासमोर बसली तर कोणाचाच नियम मोडत नाही. धोका एवढाच की त्यांना तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखा वाटतो आणि घरातला ज्यू माणूसही समजावण्याचा कंटाळा करून ‘हो, तसेच समजा’ म्हणून मोकळा होतो. तसे समजू नये. हे आभाराचे ताट आहे, अर्पणाचे नाही, एवढे एक वाक्य पाहुण्यांना सांगण्याचे कष्ट घ्यावेत.

कायद्याने आपले काम तुलनेने बरे केले आहे. १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांनाही आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे; म्हणजे सण ठेवायचा तर लग्न नाही आणि लग्न करायचे तर निदान कागदावर सण सोडायचा. १९५४च्या कायद्याने ती अट काढली. तीस दिवसांच्या नोटिशीची कटकट आहे, ती जावी असे माझे मत आहे, पण आज कोणालाही लग्नासाठी धर्म नाकारावा लागत नाही. स्वतः इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्याने अशी अनेक जोडपी सायप्रससारख्या दुसऱ्या देशात जाऊन लग्न करत आली आहेत, हे लक्षात घेतले तर भारतीय कायद्याचे मोल कळते. मात्र कायदा दोन धर्म एका घरात ठेवू देतो, ते चालवून देत नाही.

ते चालवण्याचे काम बहुतांशी बायकांच्या अंगावर पडते, आणि या विषयावरच्या चर्चेत मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे. ज्यू नवरा सिनेगॉगला जातो, हिंदू बायको सासूकडून विचारून विचारून हलवा करते, आणि पुढे म्हटले जाते की बाहेरची असूनही तिने आपले सण किती छान उचलले. हे कौतुक ऐकायला गोड आहे, पण त्यात तिला काही मिळत नाही, आणि नवऱ्याला काही करावे लागत नाही. चीक काढायचा तर गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवावे लागतात, वाटून दोन-तीनदा गाळावे लागतात, आणि मग हलवा घोटायला कोणाचा तरी हात दुखेपर्यंत लागतो. नारळाचे दूध वेगळेच. चायना ग्रास वापरून हे काम अर्ध्या तासात उरकण्याची रीत आता रूढ आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. (त्यात गहू नसल्याने नवरात्राच्या उपासाला तो हलवा चालतो का, यावर मिश्र घरांत खुशाल वाद व्हावा.) पण ज्याचा सण आहे त्यालाच जर गहू कोणत्या दिवशी भिजत घालायचे हे ठाऊक नसेल, तर त्याने आपल्या मुलांच्या ज्यूपणाची काळजी बायकोच्या धर्मावर टाकू नये.

म्हणून सिनेगॉगांच्या समित्यांकडून माझी अपेक्षा तीन गोष्टींची आहे, आणि तिन्हींना हलाखाची हरकत येऊ नये. सामुदायिक सेदेरला आणि मलिद्याला मिश्र घरांतल्या जोडीदारांना आणि मुलांना नावानिशी बोलवावे, ‘पाहुणे’ म्हणून वेगळ्या टेबलावर नव्हे. मत्सा करणे, कोशेर म्हणजे विहित अन्नाचे नियम, शब्बाथची तयारी यांचे वर्ग मराठीत घ्यावेत आणि त्यांत ज्यू मुलग्यांना लग्नाआधीच बसवावे, मग त्यांच्या बायका कुठल्याही असोत. आणि ज्या सुना-जावयांनी वर्षानुवर्षे हे पथ्य सांभाळले आहे त्यांनी धर्मप्रवेशाची इच्छा दाखवली तर त्यांना बेथ दीनपर्यंत, म्हणजे रब्बींच्या न्यायसभेपर्यंत, पोहोचण्यासाठी समाजाने खर्च आणि साथ दोन्ही द्यावे. न दाखवली तर पुन्हा पुन्हा विचारू नये. त्यांनी दसरा करावा, पाडवा करावा, गणपती बसवावा. त्यांनी आपला धर्म सोडला नाही हे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ज्यू सणाविरुद्धचे कारण होऊ शकत नाही, कारण त्या सणाच्या रात्री मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला घरात त्याच असतात.